विकर एकटे नसते : प्रस्तावना

पेशीतले एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, शुद्ध करून परीक्षानळीत आणले की काम फत्ते झाले, अशी जीवरसायनाच्या विद्यार्थ्याची समजूत असते. पाण्यात विरघळणाऱ्या विकरांपुरती ती बरीचशी खरी आहे. तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या पटलाला धरून राहणाऱ्या विकरांच्या बाबतीत मात्र गोष्ट अवघड होते. पटल मेदरेणूंचे बनलेले असते. विकराला त्यातून सोडवायचे तर मेद धुऊन काढावे लागतात, आणि मेद धुतले की विकराचे वागणे बदलू शकते. कधी ते मंदावते, कधी बंद पडते, कधी भलतेच काम करू लागते. ज्या संगतीचा अभ्यास करायचा, ती मोडल्याशिवाय विकर हाती येत नाही, अशी ही कोंडी आहे. मानवी तंतुकणिकेतले विकर मेदांबरोबरच्या अभ्यासासाठी कसे तयार करावे, हा या पुस्तकाचा विषय. शोधनिबंधांत ही तयारी ‘पद्धती’ या मथळ्याखाली बारीक टाइपात जाते. माझे मत असे, की निष्कर्षाचा मोठा भाग तिथेच ठरून गेलेला असतो.

तंतुकणिकेला दोन पटले असतात. बाहेरचे सपाट, आतले घड्याघड्यांचे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या पटलातल्या विकरांच्या साखळीतून ऑक्सिजनपर्यंत जातात आणि त्या प्रवासात हायड्रोजनचे धनभारित कण, प्रोटॉन, पटलाच्या एका अंगाला साठत जातात. ते परत येताना एटीपी तयार होते. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली आणि १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळाले. नवेगाव बांधच्या वाचकाला ती समजावायला फार शब्द लागत नाहीत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी इथे डोंगरांमधली वाट पाळ घालून अडवली, पाणी उंच धरले, आणि पाळीतल्या तुडुमातून ते धानाच्या बांध्यांत उतरू लागले. पाळीने पाणीच धरले नाही तर तुडूम कितीही चांगले असून उपयोग नाही. तंतुकणिकेचे आतले पटल ही तशी पाळ आहे, आणि तिची माती म्हणजे मेद. गेली कित्येक दशके आपण तुडुमाचा, म्हणजे प्रथिनाचा अभ्यास मन लावून केला. मातीकडे पाहायला उशीर झाला.

या मेदांमधला सर्वांत वेगळा रेणू कार्डिओलिपिन. साध्या फॉस्फोलिपिडला मेदाम्लाच्या दोन शेपट्या असतात, कार्डिओलिपिनला चार. शिवाय दोन फॉस्फेट गट, म्हणून ऋणभार जास्त. आतल्या पटलातल्या फॉस्फोलिपिडांत त्याचा वाटा साधारण एक पंचमांश असतो आणि प्राण्यांच्या पेशीत इतरत्र तो जवळजवळ सापडत नाही. मेरी पँगबॉर्न यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत बैलाच्या हृदयातून तो वेगळा केला. हृदयावरूनच त्याचे नाव पडले. त्यांना तंतुकणिकेशी काही कर्तव्य नव्हते. त्या उपदंशाच्या रक्ततपासणीसाठी भरवशाचा पदार्थ शोधत होत्या, कारण वासरमान यांच्या १९०६च्या तपासणीला कोणता पदार्थ लागतो हे तोवर नेमके कळलेले नव्हते. पुढे कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांच्या मिश्रणावर व्हीडीआरएल तपासणी उभी राहिली. आजही गरोदर बाईच्या पहिल्या तपासण्यांच्या यादीत ती असते. म्हणजे जो मेद आपल्याला फार दूरचा, परदेशी प्रयोगशाळेतला वाटतो, त्याची बाटली तालुक्याच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये वर्षानुवर्षे आहे. तंत्रज्ञ तिला ‘अँटिजेन’ म्हणतात, आणि त्या बाटलीत तंतुकणिकेचा स्वतःचा मेद आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

या क्षेत्राचा आपल्या बाजूचा धागा इथून फार लांब नाही. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला, मग अटी घालून दिला. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोम नव्याने ओळखले होते. वनस्पतींच्या ऊतींमध्येही सायटोक्रोम सी असते हे कमलाबाईंनी बटाट्यावरच्या कामातून दाखवले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाचा विभाग वाढवला आणि नीरा, डाळी, भात अशा गोरगरिबांच्या अन्नावर काम केले. त्यांची आठवण सहसा स्त्रीच्या लढ्याची कथा म्हणून सांगितली जाते. ती सांगायलाच हवी. पण त्यांच्या हाती लागलेले प्रथिन कोणते होते, हेही सांगायला हवे.

सायटोक्रोम सी छोटे आहे, पाण्यात विरघळते, आणि पटलाच्या पृष्ठावर नुसते टेकून बसते. म्हणून साखळीतल्या घटकांपैकी ते सर्वांत आधी शुद्ध हाती आले. टेकून बसते ते मुख्यतः कार्डिओलिपिनवर, कारण त्याच्या पृष्ठावर धनभार आहे आणि कार्डिओलिपिनवर ऋण. पुढची गोष्ट कळायला साठ वर्षे गेली. १९९६ मध्ये शियाओडाँग वँग यांच्या गटाला दिसले, की पेशी स्वतःहून मरायला निघते तेव्हा तंतुकणिकेतून सुटलेले सायटोक्रोम सी त्या मरणाचा इशारा देते. २००५ मध्ये व्हॅलेरियन कागान आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सुटण्यापूर्वी ते कार्डिओलिपिनला घट्ट चिकटते, त्याची घडी सैल होते आणि ते पेरॉक्सिडेज बनून त्याच कार्डिओलिपिनचे ऑक्सिडीकरण करते. मोकळ्या पाण्यात इलेक्ट्रॉन वाहणारे प्रथिन आणि या मेदाला चिकटलेले विकर हे एकाच अमिनो आम्लांच्या साखळीचे दोन अवतार आहेत. या पुस्तकाचा सारा मुद्दा या एका उदाहरणात मावतो. म्हणून पुढच्या पानांवर सायटोक्रोम सी पुन्हा पुन्हा येईल.

घट्ट रुतलेल्या विकरांची कथा वेगळी, आणि ती कसाईखान्यातून सुरू होते. १९४८ मध्ये होजबूम, श्नायडर आणि पॅलेड यांनी साखरेच्या द्रावणात यकृत वाटून, अपकेंद्री यंत्रात फिरवून तंतुकणिका धडधाकट वेगळ्या केल्या. त्यानंतर विस्कॉन्सिनला डेव्हिड ग्रीन यांच्या संस्थेत बैलांची हृदये अक्षरशः घाऊक प्रमाणात येऊ लागली. तिथेच १९५७ मध्ये फ्रेडरिक क्रेन यांना युबिक्विनोन सापडले, तिथेच १९६२च्या सुमारास योसेफ हातेफी आणि सहकाऱ्यांनी श्वसनसाखळीचे चार संकुलांत विभाजन केले. त्याच संस्थेतून त्याच वर्षी सिडनी फ्लायशर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, ज्याला मी या विद्येचा पाया मानतो. त्यांनी ॲसिटोनने तंतुकणिकेतले मेद काढून घेतले, तसे इलेक्ट्रॉनांचे वहन थांबले. मेद परत घातले, वहन परत सुरू झाले. तोवर मेद म्हणजे गिलावा, अशी भावना होती. या प्रयोगाने ते यंत्राचा भाग ठरले.

इथून पुढे दोन वाटा फुटल्या आणि आजही त्या एकमेकींशी भांडत आहेत. एक वाट शुद्धीकरणाची. डिटर्जंट वापरा, विकर सोडवा, जितके स्वच्छ तितके चांगले. दुसरी वाट पुनर्रचनेची, एफ्रैम रॅकर यांची. सुटे भाग कृत्रिम पटलात परत बसवा आणि ते चालतात का पाहा. १९६०च्या दशकात ॲलेक बँगहॅम यांनी मेदांच्या पोकळ गोळ्या, लायपोसोम, तयार केल्या होत्या. त्या हाताशी आल्याने रॅकर यांची वाट मोकळी झाली. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी एका जिवाणूचे प्रकाशावर चालणारे प्रोटॉन-पंप आणि बैलाच्या हृदयातले एटीपी-विकर एकाच मेदगोळीत बसवले, उजेड पाडला आणि एटीपी मिळवले. मिचेल यांच्या कल्पनेला याहून बोलका पुरावा नव्हता. मला ही दुसरी परंपरा जवळची वाटते, कारण तिच्यात सिद्धतेची कसोटी कठोर आहे. मोडलेले पुन्हा चालले पाहिजे.

पहिल्या वाटेवर डिटर्जंट निवडणे ही स्वतंत्र कला झाली, आणि पुस्तकातला सर्वांत लांब भाग तिच्यावर आहे. डिटर्जंटचे रेणू ठरावीक सांद्रतेच्या वर गेले की आपापसात गोळा होऊन मायसेल बनवतात आणि पटलातल्या प्रथिनाभोवती मेदांची जागा घेतात. डोडेसिल माल्टोसाइड सौम्य, म्हणून लोकप्रिय. डिजिटोनिन त्याहून सौम्य, त्याने संकुलांच्या जोड्या एकमेकींना धरून राहतात. ट्रायटन एक्स-१०० स्वस्त आणि जुना. डोडेसिल फॉस्फोकोलिन मेदासारखे दिसते, म्हणून एनएमआरच्या अभ्यासकांनी ते आवडीने घेतले. पण तंतुकणिकेच्या वाहक प्रथिनांना ते इतके सैल करते, की त्यात दिसलेले बंध खऱ्या पटलात असतीलच असे धरता येत नाही. या विषयावर गेल्या दशकात मोठा वाद झाला आणि काही गाजलेल्या रचनांवर प्रश्नचिन्ह लागले. मेद टिकवण्याच्या बाबतीत एडीपी-एटीपी वाहक मात्र भाग्यवान. १९८५ मध्ये बायर आणि क्लिंगेनबर्ग यांनी दाखवले होते, की बैलाच्या हृदयातून शुद्ध केलेल्या या प्रथिनाला कार्डिओलिपिनचे सहा रेणू इतके घट्ट धरून असतात, की डिटर्जंटनेही ते सुटत नाहीत. तयारी सावधपणे केली तर विकर आपली माणसे बरोबर घेऊन येते, हे त्या कामातून कळले.

डिटर्जंटशिवाय भागवण्याचे मार्ग नंतर आले. २००२च्या सुमारास स्टीफन स्लायगर यांच्या गटाने मेदाच्या छोट्या चकत्या, नॅनोडिस्क, तयार केल्या. प्रथिनाच्या पट्ट्याने बांधलेल्या त्या चकतीत एक विकर आणि त्याच्याभोवती हवे ते मेद बसवता येतात. २००९ मध्ये स्टायरीन आणि मॅलेइक आम्लाच्या बहुवारिकाने पटलाचा तुकडाच कापून काढण्याची युक्ती पुढे आली. त्यात विकर आपल्या मूळच्या मेदांसह येते. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला २०१७चे नोबेल मिळाले तोवर या चकत्यांमधल्या विकरांच्या चित्रांत मेदांच्या शेपट्या ओळखू येऊ लागल्या होत्या. या यंत्रांची वर्णने इतरत्र भरपूर मिळतात, म्हणून पुस्तकात ती थोडक्यात आटोपली आहेत.

वस्तुमान-वर्णपटाच्या मार्गाबद्दल मात्र थांबून बोलले पाहिजे. कॅरल रॉबिन्सन यांच्या गटाने प्रथिने न मोडता, त्यांना चिकटलेल्या मेदांसह निर्वातात उडवून तोलण्याची पद्धत विकसित केली. २०१४ मध्ये त्यांनी दाखवले, की पटल-प्रथिने मेद निवडून घेतात. कोणता मेद जोडला, किती जोडले, हे वजनातल्या फरकावरून वाचता येते. २०१८ मध्ये याच गटाने ‘सायन्स’मध्ये त्याहून धाडसी दावा केला. बैलाच्या तंतुकणिकांच्या पटलातून प्रथिने डिटर्जंटशिवाय थेट यंत्रात सोडून त्यांचे मेद आणि जोड्या ओळखल्याचे त्यांनी लिहिले. पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या ज्युडी हर्स्ट, एडमंड कुंजी आणि जॉन वॉकर यांनी त्याच नियतकालिकात सविस्तर आक्षेप घेतले. तंतुकणिकेतल्या प्रथिनांची ओळख पटवण्यातच चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ गटाने उत्तर दिले. मला केंब्रिजकरांचे आक्षेप वजनदार वाटतात, पण या देवघेवीचे मोल त्याहून मोठे आहे. नमुना यंत्रात जाण्यापूर्वी त्याच्यात नक्की काय होते, या प्रश्नाला वगळून मेदांविषयी काहीही बोलता येत नाही, हे जगातल्या दोन उत्तम प्रयोगशाळांनी जाहीरपणे वाद घालून दाखवले.

आता ‘मानवी’ या शब्दाकडे. माणसाचे हृदय घाऊक मिळत नाही. त्यामुळे मानवी विकराचा अभ्यास जनुके जिवाणूत घालून प्रथिन बनवण्याची सोय झाल्यावरच जोमात आला. ई. कोलाय या जिवाणूत मानवी जनुक घालायचे, थंडीत हळूहळू प्रथिन बनू द्यायचे, पेशी फोडायच्या, प्रथिनाला जोडलेल्या हिस्टिडीनच्या शेपटीने ते निकेल किंवा कोबाल्टच्या स्तंभावर पकडायचे. हे सगळे आज एम.एस्सी.च्या मुलांना पाठ असते. त्यातल्या खाचखळग्यांकडे मात्र शिकवताना दुर्लक्ष होते. ई. कोलायच्या पटलात फॉस्फॅटिडिलकोलिन नसते, मानवी पटलात ते भरपूर असते. कार्डिओलिपिन मात्र ई. कोलायकडेही आहे, म्हणून शुद्ध केलेल्या मानवी विकराबरोबर जिवाणूचे कार्डिओलिपिन छुपेपणाने आलेले असू शकते. हिस्टिडीनची शेपटीही ऋणभारित मेदांकडे ओढली जाऊ शकते. म्हणून ती कापून टाकल्यावर जोडणी टिकते का हे तपासल्याशिवाय ‘विकर मेदाला जोडते’ हे वाक्य लिहू नये, असा आमचा आग्रह आहे.

डायहायड्रोऑरोटेट डिहायड्रोजिनेज या लांबलचक नावाचे विकर याचे उत्तम उदाहरण. डीएनए-आरएनएसाठी लागणारी पिरिमिडिने पेशी स्वतः तयार करते, त्यातली चौथी पायरी ते करते. आतल्या पटलाच्या बाहेरच्या अंगाला एका शेपटीने ते रोवलेले असते, दोन छोट्या सर्पिलांनी मेदांत बुडते आणि त्यांच्यामधल्या बोगद्यातून येणाऱ्या युबिक्विनोनला इलेक्ट्रॉन देते. शुद्ध झाले की त्याच्या फ्लेविनमुळे द्रावण पिवळे दिसते. तो पिवळेपणा हीच तयारी नीट झाल्याची पहिली खूण. २००० मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली, पण ती रोवणारी शेपटी कापून मिळवलेली. २०१८ मध्ये स्वीडनमध्ये मायकेल लान्ड्रे यांच्याशी संबंधित गटाने हे विकर मेदांसह तोलले आणि संगणकावर त्याच्या हालचाली पाहिल्या. मेद आपल्या भारित डोक्यांनी मोजक्याच जागी जोडतात, पटलात बुडणाऱ्या लवचीक भागाला आधार देतात, असे दिसले. आणखी एक गोष्ट दिसली, जी मला सर्वांत बोधक वाटते. ब्रेक्विनार हे औषध विकरात शिरताना डिटर्जंटचे रेणूही बरोबर जोडले जात होते. औषधाची जागा मोजताना आपण आपल्याच साबणाची जागा मोजत असू शकतो.

पुण्यातल्या कामाची गोष्ट वेगळ्या विकराची आहे, आणि या पुस्तकाला महाराष्ट्राची भूमी देणारी तीच आहे. तंतुकणिका पेशीत सतत तुटतात आणि जुळतात. तोडण्याचे काम डीआरपी-१ हे मानवी विकर करते. ते जीटीपी वापरते, पेशीद्रवात मोकळे हिंडते आणि गरज पडली की बाहेरच्या पटलावर येऊन वलय बांधते. ते डायनॅमिनच्या घराण्यातले आहे. या घराण्याचे काम ज्या उत्परिवर्तित फळमाशीमुळे उलगडले, ती ‘शिबिरे’ ऊब वाढताच लुळी पडते आणि थंडाव्यात पुन्हा उठते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी या माश्यांवर अनेक वर्षे काम केले, चेतातंतूच्या टोकाशी पटल तोडण्याची क्रिया कशी अडते हे तपासले.

पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांच्या प्रयोगशाळेने या कामाला नवी जागा दिली. काचेवर मेदांच्या अतिसूक्ष्म नळ्या आडव्या पसरायच्या, त्यांत चमकणारा रंग मिसळायचा, वरून शुद्ध विकर सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली नळी तुटताना प्रत्यक्ष पाहायचे, अशी त्यांची पद्धत. तिच्यावरचे पहिले काम २०१५ मध्ये आले. त्याच सुमारास डीआरपी-१बद्दल एक प्रश्न तापला होता. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने ‘नेचर’मध्ये लिहिले, की डीआरपी-१ तंतुकणिकेला आवळते, पण अखेरचा तुकडा पाडायला डायनॅमिन-२ लागते. २०१८ मध्ये सुकृत कामेरकर, पुकाडिल आणि ऑस्ट्रेलियातल्या मायकेल रायन यांच्या गटाने ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये दाखवले, की कार्डिओलिपिन असलेल्या नळ्यांवर शुद्ध मानवी डीआरपी-१ एकटेच जीटीपीच्या बळावर नळी आवळते आणि तोडतेही. डायनॅमिन-२ काढून टाकलेल्या पेशींतही तंतुकणिका तुटत राहतात. २०१९ मध्ये आणखी एका गटाने ‘नेचर’मध्येच याला दुजोरा दिला. त्याआधीच, २०१८ मध्ये, पुकाडिल यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला होता.

या कामात तयारीचे महत्त्व कुठे आहे? डीआरपी-१ आपापसात जुळून वलये करायला उत्सुक असते. क्षार कमी पडला तर ते मेद भेटण्याआधीच गोळा होते. शेपट्या कुठल्या टोकाला लावल्या, मिळालेले प्रथिन जीटीपी किती वेगाने फोडते, कार्डिओलिपिन समोर आल्यावर तो वेग वाढतो का, हे आधी तपासलेले नसेल तर नळी न तुटण्याचा अर्थ लावता येत नाही. ‘तोडत नाही’ असा नकारात्मक निष्कर्ष काढणाऱ्यावर तर ही जबाबदारी दुप्पट आहे. नळीची जाडी, तिच्यातले मेद आणि विकराचा ताजेपणा जमून आला नाही तर चांगले विकरही अपुरे भासेल. पुण्याच्या कामाचे मोल मला इथे दिसते. त्यांनी पटलाची तयारी विकराच्या तयारीइतक्याच निगुतीने केली. एक प्रश्न मात्र उघडा आहे. कार्डिओलिपिन मुख्यतः आतल्या पटलात, डीआरपी-१ बाहेरच्या पटलावर. मग दोघांची भेट पेशीत नेमकी कधी आणि किती प्रमाणात होते? उत्तरे सुचवली गेली आहेत, पण पुस्तक त्यातल्या एकाचीही बाजू घेत नाही.

हे आज का महत्त्वाचे? १९८३ मध्ये पीटर बार्थ यांनी हृदयाचे स्नायू दुर्बळ आणि पांढऱ्या पेशी कमी असलेल्या मुलांच्या एका घराण्याचे वर्णन केले. १९९६ मध्ये त्या आजाराचे जनुक सापडले, आणि ते कार्डिओलिपिनच्या शेपट्या बदलणाऱ्या विकराचे निघाले. २००७ मध्ये डीआरपी-१मधल्या बदलाने दगावलेल्या एका नवजात बालिकेची नोंद झाली. अशा बालकांचे निदान आता आपल्याकडेही जनुक-तपासणीने होऊ लागले आहे, पण तपासणीत सापडलेला बदल घातक आहे की निरुपद्रवी, हे ठरवायला कुणाला तरी ते विकर हाताने तयार करून मेदांवर चालवून पाहावे लागते. संगणक ते काम पूर्ण करू शकत नाही. २०२१ मध्ये अल्फाफोल्डने जवळजवळ सगळ्या मानवी प्रथिनांच्या आकारांचे अंदाज खुले केले, ही फार मोठी गोष्ट. त्या आकारांभोवती पटल मात्र नव्हते.

आणि ही गोष्ट दवाखान्यापुरती नाही. संधिवातावरचे लेफ्लुनोमाइड, जे १९९८ पासून वापरात आहे, वर सांगितलेल्या पिवळ्या मानवी विकरालाच अडवते. हिवतापाच्या परजीवीकडे याच विकराचे स्वतःचे रूप आहे. त्याला बाहेरून पिरिमिडिने घेता येत नाहीत, म्हणून हे विकर त्याच्या जिवाचे. फिलाडेल्फियात अखिल वैद्य यांच्या गटाने २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की रक्तात वाढणारा परजीवी आपली तंतुकणिकेची इलेक्ट्रॉन-साखळी प्रामुख्याने या एका विकराला युबिक्विनोन पुरवण्यासाठीच चालवतो. मानवी विकर सोडून परजीवीचेच अडवणारी औषधे माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेली. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवताप काय करतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या फरकाचे मोल सांगावे लागत नाही. वनस्पतींतही हे विकर तंतुकणिकेतच असते, आणि टेटफ्लुपायरोलिमेट नावाचे धानाच्या शेतासाठीचे नवे तणनाशक त्याच्यावरच घाव घालते. एकाच विकराची तीन रूपे माणसात, डासातून येणाऱ्या परजीवीत आणि बांधीतल्या तणात आहेत. प्रत्येकाला रुजायला वेगळ्या मेदांचे पटल आहे. कुठले औषध कुणाला लागेल हे त्या फरकांवर अवलंबून असते, आणि ते फरक मोजायचे तर पुन्हा तयारीपाशी यावे लागते.

हे पुस्तक पूर्व विदर्भातल्या महाविद्यालयांत जीवरसायन शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांसाठी आहे. नवेगाव बांधचे नाव मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे महाराष्ट्रभर पाखरांसाठी आणि जंगलासाठी घेतले जाते, ते योग्यच आहे. इथे राहून पटल-विकरांवर पुस्तक लिहिणे काहींना अजब वाटेल. मला तसे वाटत नाही. आमच्या मुलांना पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत जागा मिळते तेव्हा त्यांना यंत्रे नवी असतात, त्याहून जास्त नवी असते ती पाहण्याची शिस्त. ही शिस्त मराठीतून, साध्या साधनांवर आधी शिकता येते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून पुस्तकाचा आग्रह मर्यादित आहे. श्वसनसाखळीची अवाढव्य संकुले त्यात नाहीत. त्यांची तयारी साध्या प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेर आहे आणि अर्धवट सांगून उपयोग नाही. तीन विकरे निवडली आहेत: पृष्ठावर टेकणारे सायटोक्रोम सी, अर्धे बुडणारे डायहायड्रोऑरोटेट डिहायड्रोजिनेज आणि येऊन-जाऊन असणारे डीआरपी-१. पटलाशी नाते ठेवण्याच्या या तीन तऱ्हा समजल्या की बाकीच्यांकडे जाता येते. पुस्तकातल्या लेखांत पद्धती मुख्य मजकुरात आहेत आणि निष्कर्ष त्यांच्या मागोमाग येतात. हा क्रम वाचकाला आधी खडबडीत वाटेल. फसलेल्या तयारीची लक्षणे जागोजागी दिली आहेत: रंग उडाला, द्रावण गढूळ झाले, गाळण-स्तंभावर प्रथिन सर्वांत आधीच बाहेर पडले, मेद न घालताही विकराचा वेग कमालीला पोचलेला दिसला. शोधनिबंधांत ही लक्षणे सापडत नाहीत, कारण तिथे यशस्वी तयारीच छापली जाते.

मेदांच्या हाताळणीवर एक स्वतंत्र लेख आहे आणि तो आधी वाचावा. कार्डिओलिपिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेले येते, प्लास्टिकच्या नळीत ठेवले तर क्लोरोफॉर्म प्लास्टिक विरघळवतो, हवा लागली तर शेपट्यांतले दुहेरी बंध ऑक्सिडाइज होतात. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा उणे वीस अंशांचा फ्रीझर किती वेळ थंडी धरतो, हे ज्याने त्याने आपल्या प्रयोगशाळेत मोजून भिंतीवर लिहून ठेवावे. बाटलीवर नायट्रोजन सोडून झाकण लावण्याची सवय पहिल्या दिवसापासून हवी.

सुरुवातीचा प्रयोग सायटोक्रोम सीचाच ठेवला आहे. घोड्याच्या हृदयातले सायटोक्रोम सी विकत मिळते, साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर जिल्ह्यातल्या बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत असतो. कार्डिओलिपिन आणि फॉस्फॅटिडिलकोलिन यांच्या मेदगोळ्या करून त्यात ते मिसळले, की ६९५ नॅनोमीटरची क्षीण पट्टी मावळते. लोह आणि मेथिओनिन यांचा दुवा सुटल्याची ती खूण. मग ग्वायाकोल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातले तर द्रावण तपकिरी होते आणि ४७० नॅनोमीटरवर वेग मोजता येतो. शेजारच्या नळीत नुसते फॉस्फॅटिडिलकोलिन घ्यावे. तिथे रंग जेमतेम चढतो. व्हीडीआरएलचे अँटिजेन वापरून हाच प्रयोग करण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण त्यात कोलेस्टेरॉल भरपूर असते आणि कार्डिओलिपिन अगदी थोडे. तिसऱ्या नळीत क्षार वाढवून पाहावा आणि जोडणी किती सैल होते ते लिहावे. पुस्तकाचा दुसरा भाग त्या तिसऱ्या नळीपासून सुरू होतो.

नवेगाव बांध, ता. अर्जुनी-मोरगाव, जि. गोंदिया